सिगरेटच्या पाकिटातले टूकन आणि पोपट

जुनी ट्रेडिंग कार्डं, म्हणजे मालाबरोबर फुकट मिळणारी आणि लोक गोळा करत बसायचे ती छोटी चित्रं, म्हटलं की लोक थेट बेसबॉलवर जातात, लाखो डॉलरचे लिलाव, काचेत ठेवलेलं एवढंसं पुठ्ठ्याचं चिठोरं वगैरे, आणि मग बाकीच्या कार्डांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण ज्या कंपन्यांनी सुरुवातीची बेसबॉलवाली कार्डं काढली त्यांनीच त्याच दोन-तीन वर्षांत पक्ष्यांची कार्डं पण काढलीयेत आणि माझं स्पष्ट मत आहे की नुसती छपाई म्हणून बघायचं झालं तर खेळाडूंपेक्षा हे पक्षी कितीतरी भारी आहेत. इथे एकच सिरीज धरून सगळं समजावतो, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर या सिगरेट कंपनीची 'बर्ड्स ऑफ द ट्रॉपिक्स', साल १८८९, एकूण ५० कार्डं, एकेक कार्ड सात सेंटीमीटर बाय पावणेचार सेंटीमीटर, म्हणजे आपल्या व्हिजिटिंग कार्डापेक्षाही लहान.

ही कार्डं बघताना आपल्याला वाटतं की पक्षी दाखवायला म्हणून रंग वापरलेत. माझ्या मते हिशोब उलटा होता, रंग दाखवायचे होते म्हणून पक्षी निवडले. ते कसं, ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी हे की सिगरेटच्या पाकिटात कार्ड आलंच कशाला. त्या काळातलं पाकीट म्हणजे मऊ कागदाची पुडी, खिशात टाकली की सिगरेटी चेपायच्या, म्हणून आत एक जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा टाकायचे. तो तसाही टाकायचाच आहे तर कोरा कशाला, त्यावर जाहिरात छापू, आणि जाहिरात छापायचीच आहे तर चित्र छापू म्हणजे माणूस ते फेकणार नाही. इतकी साधी सुरुवात आहे.

पण साध्या सुरुवातीतून पन्नास-पन्नास कार्डांच्या रंगीत सिरीज का निघाल्या याचं उत्तर मशीनमध्ये आहे. आधी रिचमंडमध्ये मुली टेबलाशी बसून हाताने सिगरेटी वळायच्या, हात बसलेली कामगार दिवसाला ३,००० च्या आसपास वळायची. ॲलन अँड गिंटरने सिगरेट वळणारं मशीन बनवून देणाऱ्याला ७५,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, जेम्स बॉन्सॅक नावाच्या व्हर्जिनियाच्याच एका पोराने ते बनवलं, १८८१ मध्ये पेटंट मिळालं, दहा तासांत १,२०,००० सिगरेटी, आणि एवढं सगळं झाल्यावर ॲलन अँड गिंटरने मशीन ट्राय करून नको म्हणून सांगितलं! ते उचललं नॉर्थ कॅरोलिनातल्या जेम्स ड्यूकने आणि तिथून सगळा धंदाच पालटला. सिगरेट स्वस्त झाली, माल बदाबदा निघायला लागला, तंबाखू सगळ्यांचा जवळपास सारखाच, मग गिऱ्हाईकाने तुमचंच पाकीट का घ्यावं? तर त्यातल्या कार्डासाठी.

सिरीजची ट्रिक काडेपेटीचे छाप गोळा केलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. कार्डाच्या मागे पूर्ण पन्नास नावांची यादी छापलेली असायची, म्हणजे तुमच्याकडे बत्तीस आहेत हे तुम्हाला कळायचं आणि अठरा नाहीत हे जास्त कळायचं. शिवाय कंपनीचा छापील अल्बम वेगळा, तोही पाकिटातली कुपनं साठवून पाठवली की मिळणार. आणि विषय तरी किती, सगळ्या देशांचे झेंडे, रेड इंडियन सरदार, समुद्री चाचे, मासे, चार पायांचे प्राणी, नट्या. नट्यांची कार्डं बापाच्या खिशातच राहायची पण पक्ष्याचं कार्ड तो बिनधास्त पोराच्या हातात देऊ शकत होता, आणि एकदा का पोरगं मागे लागलं की बापाचा ब्रँड फिक्स. आज हे वाचताना अंगावर येतं, लहान मुलांना हाताशी धरून सिगरेट विकणं, पण तेव्हा हे उघड उघड चालायचं आणि फार कमी लोकांना त्यात वावगं वाटायचं.

ॲलन अँड गिंटरने १८८८ मध्ये अमेरिकेतले पक्षी काढले, १८८९ मध्ये हे उष्ण कटिबंधातले आणि शिवाय शिकारीचे पक्षी, १८९० मध्ये जगभरातले गाणारे पक्षी, प्रत्येक वेळी पन्नास. म्हणजे तीन वर्षांत चार सिरीज आणि दोनशे पक्षी. सिगरेट कंपनीला एवढं पक्षीप्रेम अचानक कुठून आलं?

इथे छपाई समजून घ्यावी लागते, आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त आवडतो त्यामुळे जरा लांबण लागेल.

ही कार्डं दगडावर छापलेली आहेत. शब्दशः दगडावर, जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला एक बारीक कणाचा, फिक्कट पिवळसर-करडा चुनखडक मिळतो, तो घासून घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट शाईने किंवा तेलकट खडूने चित्र काढायचं, मग डिंक आणि पातळ आम्लाचा हात फिरवायचा म्हणजे चित्र दगडात पक्कं बसतं. आता दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी बसतं, तेलकट रेघेवर बसत नाही. त्यावर छपाईच्या तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई बरोब्बर उलटं करते, ओल्या जागेला शिवत नाही, तेलकट रेघेलाच चिकटते. कागद दाबला, चित्र उमटलं. खोदकाम नाही, उठाव नाही, सगळा खेळ तेल-पाण्याच्या भांडणावर. अलॉयस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने हे १७९० च्या दशकाच्या शेवटी शोधलं आणि आपल्याकडे ते फार लवकर पोचलं, मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच.

रंगीत छपाई म्हणजे याचंच पुढचं आणि महाकिचकट रूप. एका रंगाला एक दगड. पिवळ्याचा दगड वेगळा, गुलाबीचा वेगळा, फिक्का निळा वेगळा, गडद निळा परत वेगळा, आणि चांगल्या कामाला दहा-बारा दगड सहज लागायचे. कारागीर मूळ चित्राची बाह्यरेषा सगळ्या दगडांवर हलकीशी उतरवून घ्यायचा आणि मग प्रत्येक दगडावर फक्त त्या त्या रंगाचा भाग काढायचा, तोही आरशातल्यासारखा उलटा आणि तोही काळ्या शाईत, कारण दगडावर काम करताना रंग नसतोच, रंग छापताना येतो! म्हणजे पोपटाचा पंख काढताना या माणसाला डोक्यात धरून चालावं लागायचं की इथे पिवळा असा पडेल, त्यावर निळा असा बसेल, मग त्यातून हिरवा होईल, सावलीसाठी कडेला लाल थोडा टाकू म्हणजे तो हिरवा जरा मातकट होईल. फोटोशॉपमध्ये लेअर लावणाऱ्यांनी कल्पना करून बघा, एकही लेअर स्क्रीनवर दिसत नाहीये आणि चुकलं तर अनडू नाहीये.

आणि छाया-प्रकाश? तो ठिपक्यांनी. टोकदार लेखणीने एकेक ठिपका हाताने, गडद हवं तिथे दाट आणि फिक्कं हवं तिथे विरळ. एखाद्या हिरव्या पोपटाच्या कार्डावर दहा पट मोठं दाखवणारं भिंग ठेवलंत तर आधी सपाट पिवळा दिसतो, त्यावर निळ्या ठिपक्यांची गर्दी, ठिपके एका मापाचे नाहीत आणि ओळीतही नाहीत, मानेकडे ते दाटत जातात, पोटाकडे विरळ होत होत संपतात, मधेच चार-दोन लाल ठिपके, आणि सगळ्यात वर गडद तपकिरी बारीक रेषा जिच्यामुळे डोळा डोळ्यासारखा दिसतो. भिंग बाजूला केलं की हे सगळं गायब आणि पोपट हजर. कधीकधी लालचा दगड अर्धा मिलीमीटर सरकलेला असतो, मग चोचीच्या बाहेर लाल झालर दिसते आणि दुसऱ्या बाजूला पांढरी फट. लोक त्याला खराब छपाई म्हणतात, मला उलट त्या झालरीवरूनच कळतं की कुठला रंग कुठल्या दगडाचा.

एवढे दगड एका कार्डासाठी परवडणार कसे, तर एकेक कार्ड सुटं छापतच नव्हते. मूळ दगडावरून खास कागदावर ठसे घ्यायचे आणि ते एका मोठ्या दगडावर शेजारी शेजारी उतरवायचे, म्हणजे एका दाबात कार्डांचं आख्खं शीट, वाफेवर चालणारं प्रेस, आणि शेवटी कटाई. ॲलन अँड गिंटरचं काम फिलाडेल्फियाच्या जॉर्ज एस. हॅरिस अँड सन्स आणि न्यू यॉर्कच्या लिंडनर, एडी अँड क्लाउस अशा छापखान्यांत व्हायचं. छापखान्यांची नावं तरी सापडतात, ठिपके देणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावं कार्डावर कुठेच नाहीत.

आपल्या आजी-पणजीच्या घरात भिंतीवर जी रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती असायची ती याच जातीची छपाई बरं का. पुण्यातली चित्रशाळा १८७८ ची, रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथेही दगड, तिथेही जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर. लक्ष्मीच्या गालावरची ती गुलाबी झाक आणि रिचमंडच्या कार्डावरच्या पोपटाची छाती, दोन्ही एकाच तंत्राने केलेले ठिपके आहेत.

तर आता परत त्या प्रश्नावर, की पक्षीच का. विचार करा, तुमच्याकडे दहा दगडांची ताकद आहे आणि समोरच्या गिऱ्हाईकाने आयुष्यभर वर्तमानपत्रात काळंपांढरंच बघितलंय. चिमणीचं चित्र काढलं तर दहा रंग कुठे खर्च करणार? नटीच्या चेहऱ्यात तरी किती रंग मावतात? पण मकाव हा मोठा पोपट घ्या, लाल, पिवळा, निळा, तिन्ही एकाच पंखात आणि मध्ये पट्टे. टूकन घ्या, काळं अंग आणि त्यावर जाहिरातीच्या पाटीसारखी चोच. हे पक्षी छापखान्यासाठीच जन्माला आलेत असं वाटावं. १८८८ चे अमेरिकन पक्षी सुंदरच आहेत पण १८८९ च्या सिरीजमध्ये रंगाचा जो धुडगूस आहे तो तिथे नाही, आणि नसणारच, कारण समशीतोष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांत तेवढा मसाला कमी.

पोपटाच्या बाबतीत तर एक भन्नाट योगायोग आहे. पोपटाच्या पिसात हिरवा रंग म्हणून काही नसतोच. पिसात असतं एक पिवळं रंगद्रव्य, आणि पिसाच्या आतली सूक्ष्म रचना अशी की तिच्यावरून प्रकाश निळा होऊन परततो, पिवळा अधिक निळा, आपल्याला दिसतो हिरवा. म्हणूनच पाळीव बजरीगार या छोट्या पोपटात पिवळं रंगद्रव्य बनणं बंद पडलं की पिल्लू निळं निघतं. आणि छापखान्यात काय केलं? खाली पिवळा, वर निळा. निसर्गाने जो शॉर्टकट मारला तोच दगडावरच्या माणसाने मारला, त्याला बिचाऱ्याला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

पण हमिंगबर्डपाशी मात्र दगडाने हात टेकले. हमिंगबर्डच्या गळ्यावर जो माणकासारखा लखलखाट असतो तो शाईचा रंग नाही, पिसातल्या अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश आपटतो, परततो, लाटा एकमेकींत मिसळतात आणि एका कोनातून लाल दिसतं, मान किंचित वळली की काळं. मोराच्या पिसाऱ्यात, आपल्या अंगणातल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराच्या पाठीवर, हाच प्रकार. शाई कुठूनही बघा सारखीच दिसणार, तिला हे कसं जमणार. इंग्लंडमध्ये जॉन गूल्डने १८४९ पासून हमिंगबर्डवरचा मोठा ग्रंथ काढला तेव्हा त्याने सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग चढवून ती चमक आणायचा प्रयत्न केला होता, पण तो ग्रंथ श्रीमंतांच्या लायब्ररीसाठी होता, फुकट वाटायच्या पुठ्ठ्यावर वर्ख कोण लावणार. म्हणून कार्डांवरचे हमिंगबर्ड नीट बघा, रंग आहेत पण चमक नाही, ते थोडे खेळण्यातले वाटतात.

आता खरेपणाचा मुद्दा. उष्ण कटिबंधातले पक्षी छापणाऱ्या कारागिरांनी ते पक्षी जिवंत बघितले असतील ही शक्यता फार कमी. त्या काळी अशा चित्रकारांचा आधार दोनच, जुन्या ग्रंथांतली चित्रं आणि पेंढा भरलेले किंवा सुकवलेले नमुने. सुकवलेल्या पक्ष्यात पिसांचे रंग बऱ्यापैकी टिकतात पण डोळा, पाय, चोच आणि डोळ्याभोवतालची उघडी कातडी यांचे रंग मेल्यावर उडून जातात, टूकनच्या चोचीची तर फारच वाट लागते. मग कारागीर अंदाजाने भरणार. म्हणून जुन्या चित्रांत पंख अगदी बरोबर आणि डोळा भलताच असं पुष्कळदा दिसतं.

अंदाजाने भरण्याची परंपरा तशी बरीच जुनी आहे. १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं एकमेव उरलेलं जहाज युरोपला परतलं तेव्हा त्यात आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून आणलेली स्वर्गीय पक्ष्यांची कातडी होती. तिकडच्या व्यापाराच्या पद्धतीप्रमाणे पाय काढून टाकलेली. युरोपातल्या विद्वानांनी काय निष्कर्ष काढावा? की या पक्ष्याला पायच नसतात, तो कायम हवेत तरंगतो आणि दव पिऊन जगतो! पाय असतात हे पुढे कळलं तरी १७५८ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव देताना 'पाय नसलेला' या अर्थाचंच ठेवलं आणि पॅराडिसिया अपोडा हे नाव आजही अधिकृत आहे. लांबून आलेल्या पक्ष्याबद्दल लोक काहीही मानायला तयार असतात, सिगरेट कंपनीला ते आयतंच मिळालं.

'ट्रॉपिक्स' हा शब्दही बघा ना किती सोयीचा. ब्राझील, न्यू गिनी, आफ्रिका, आशिया, सगळं एका पोत्यात. खऱ्या आयुष्यात टूकन आणि धनेश कधीच एका झाडावर बसणार नाहीत, टूकन अमेरिकेतला आणि धनेश आशिया-आफ्रिकेतला, मधे महासागर, आणि नातंही जवळचं नाही, टूकनचे नातलग सुतारपक्षी. मोठी चोच ही दोघांनी आपापली स्वतंत्र कमावलेली. तरी आजसुद्धा मराठी पेजेसवर धनेशाच्या बातमीला टूकनचा फोटो लावलेला सर्रास दिसतो, तेव्हा १८८९ च्या रिचमंडवाल्यांना फार बोलण्यात अर्थ नाही. आकाराचंही तसंच, अंगठ्याएवढा हमिंगबर्ड आणि हातभर लांबीचा मकाव, दोघांना जागा सात सेंटीमीटरच, मग दोघेही सारखेच दिसतात. आणि विदेशी कोणासाठी हाही प्रश्न आहेच, कोकणातल्या माणसाला उंबरावर बसलेल्या धनेशात काही एक्झॉटिक वाटत नाही, त्याला एखाद्या वेळेस व्हर्जिनियातला साधा लाल कार्डिनल बघून तोंडात बोट घालावंसं वाटेल.

हे सगळं चालू असताना खऱ्या पक्ष्यांचं काय होत होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८८६ मध्ये, म्हणजे या सिरीजच्या तीनच वर्षं आधी, फ्रँक चॅपमन नावाचा पक्षीतज्ज्ञ न्यू यॉर्कच्या बाजारपेठेत दोन दुपार फिरला आणि बायकांच्या टोप्या मोजत सुटला. ७०० टोप्यांपैकी ५४२ वर पिसं, आणि त्यात ४० जातींचे अमेरिकन पक्षी त्याने ओळखले, कुठे पंख, कुठे डोकं, कुठे आख्खा पक्षीच. बगळ्यांची तर कत्तल चालली होती, विणीच्या हंगामातली ती नाजूक पिसं हवी असायची म्हणून ऐन घरट्यावरच मारायचे. आपल्याकडेही हा धंदा पोचला होता, १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवायला बंदी घातली, तर सिंधमध्ये, जो तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, लोक पिसांसाठी बगळे पाळायला लागले आणि त्यावर १९१४ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखसुद्धा आलाय.

त्याहून बोचरी गोष्ट कॅरोलिना पॅराकीटची. अमेरिकेच्या पूर्वेकडे यांचा स्वतःचा अस्सल पोपट होता, हिरवं अंग, पिवळं डोकं, केशरी तोंड, आणि १८८९ पर्यंत शेतकऱ्यांच्या गोळ्या, जंगलतोड, पिंजरे आणि टोप्या यांनी तो जवळपास संपवत आणला होता. शेवटचा पाळीव नर सिनसिनाटीच्या प्राणीसंग्रहालयात १९१८ मध्ये मेला. म्हणजे लोक पाकिटातून परक्या देशांचे पोपट जमवत होते आणि परसातला पोपट जात होता. कार्ड कंपन्यांनी तो मारला असं मी म्हणत नाहीये, पण दोन्ही गोष्टींच्या तारखा शेजारी शेजारी लावून बघाव्यात.

अमेरिकन सिगरेटकार्डांची ही पहिली लाट जितक्या जोरात आली तितक्याच झटक्यात ओसरली. जानेवारी १८९० मध्ये ड्यूकने ॲलन अँड गिंटरसकट पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी केली, स्पर्धाच संपली, मग गिऱ्हाईकाला लाच कशाला द्यायची. कार्डं पुढे दुसरीकडे फोफावली. लीबिग या मांसाचा अर्क विकणाऱ्या कंपनीने युरोपभर सहा-सहाचे सेट काढले, वेगवेगळ्या भाषांत, आणि १९७० च्या दशकापर्यंत काढत राहिली. इंग्लंडमध्ये जॉन प्लेयर या सिगरेट कंपनीने १९२९ मध्ये फक्त विचित्र चोचींचे पक्षी अशी सिरीज काढली, ती मला फार आवडते, विषयच किती नेमका, आणि १९३३ मध्ये पिंजऱ्यातले पक्षी. १९४० मध्ये युद्धामुळे कागद वाचवायचा म्हणून तिथली सिगरेटकार्डं थांबली, नंतर चहावाल्यांनी सूत्र उचललं, ब्रुक बाँडचा १९६१ चा 'ट्रॉपिकल बर्ड्स' हा पन्नासाचा सेट चार्ल्स टनिक्लिफने काढलाय, आणि हा माणूस खरोखर पक्षी बघून बघून काढणारा होता त्यामुळे त्याचे पक्षी बसतात, उडतात, जिवंत वाटतात.

यात एक वेगळाच सूर लावला तो आर्म अँड हॅमर या खाण्याच्या सोड्याच्या ब्रँडने. त्यांनी लुई अगासिझ फ्युर्टेससारख्या नामांकित पक्षीचित्रकाराकडून अमेरिकेतलेच उपयोगी पक्षी काढून घेतले, कीड खाणारे, शेतकऱ्याचे मित्र, आणि कार्डावर छापलं की सगळ्यांच्या भल्यासाठी पक्ष्यांना मारू नका. सोडा विकायचाच होता, पण निदान पक्षी हा विषय त्यांनी मनावर घेतला.

आज आपल्याला ही कार्डं इतकी नीट लावलेली सापडतात याचं श्रेय जेफरसन बर्डिकला. न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, इलेक्ट्रिक सामानाच्या कारखान्यात नोकरी करणारा, एकटा राहणारा, संधिवाताने बोटं वाकडी झालेला हा माणूस. त्याने अमेरिकन कार्डांची पहिली पद्धतशीर यादी बनवली आणि नंबर दिले, एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू कार्डांना एन, विसाव्याला टी. आपली १८८९ ची सिरीज म्हणजे एन ५, १८८८ चे अमेरिकन पक्षी एन ४, आणि आजही विकणारा-घेणारा हेच नंबर बोलतो. तीन लाखांच्या वर छापील तुकडे त्याने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि वर्षानुवर्षं तिथे येऊन स्वतःच्या हाताने अल्बममध्ये लावत बसला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं, मार्चमध्ये गेला.

बर्डिकची बरीच कार्डं म्युझियमच्या वेबसाइटवर मोठ्या आकारात फुकट बघता येतात, डाउनलोडही करता येतात, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी आठवडाभर तिथे झूम करून ठिपके बघत बसा, डोळा तयार होतो. कारण बाजारात नकला आणि नंतरची पुनर्मुद्रणं भरपूर आहेत. ओळखायला सगळ्यात सोपं हत्यार म्हणजे तेच भिंग. आधुनिक ऑफसेट छपाईत ठिपके ठरावीक जाळीत येतात, निळा, गुलाबी, पिवळा, काळा, आणि त्यांची फुलासारखी वर्तुळं दिसतात, तशी दिसली की कार्ड जुनं नाही, विषय संपला. दगडावरच्या छपाईत ठिपके विस्कटलेले आणि रंग सपाट थरांत. दुसरी टेस्ट अल्ट्राव्हायोलेट टॉर्चची, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी रसायन असतं ते निळसर चमकतं, १८८९ चा पुठ्ठा चमकत नाही. पण चमकला नाही म्हणजे अस्सलच असं नव्हे, जुना कागद वापरूनही बनवाबनवी होते.

तिसरं म्हणजे पाठ बघा, नेहमी पाठ बघा. पोरांनी वह्यांमध्ये चिकटवलेली कार्डं नंतर ओढून काढली की मागचा यादीचा कागद सोलला जातो, त्याने किंमत धाडकन पडते. पाठ पूर्ण कोरी असेल तर कंपनीच्या छापील अल्बमच्या पानातून कापलेलं चित्र तर नाही ना हेही तपासा. कोपरे संशयास्पद टोकदार असतील तर पट्टी लावून मापा, झिजलेल्या कडा कापून कार्ड नवं करणारे महाभाग सगळीकडे आहेत आणि कापलेलं कार्ड मापात भरत नाही.

पैशाचं म्हणाल तर पक्षी स्वस्त आहेत. त्याच कंपनीचा १८८७ चा नावाजलेला बेसबॉल खेळाडू हजारो डॉलरला जातो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मेहनतीने छापलेला मध्यम अवस्थेतला टूकन दहा-वीस डॉलरमध्ये येऊ शकतो, कारण बाजार छपाईला भाव देत नाही, नावाला देतो. भारतातून मागवत असाल तर एकेकटं कार्ड मागवू नका, पोस्टेज कार्डापेक्षा महाग पडतं, दहा-बारा एकत्र घ्या, आणि विक्रेत्याने फक्त पुढचा फोटो टाकला असेल तर मागचा मागा, तो द्यायला टाळाटाळ केली तर सरळ पुढे चला.